नाईक, दोन फिती

ते मेजर नव्हते. नाईक होते. पायदळात सतरा वर्षे, दंडावर दोन फिती, मग निवृत्ती. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण त्यांच्याबद्दल मी याआधी दोनदा लिहिले आहे आणि दोन्ही वेळा वाचकांपर्यंत चुकीचा माणूस पोचला.

सातारा-सांगलीकडे सैन्यातून परतलेला प्रत्येक जण मेजर असतो. शिपाई म्हणून गेलेला आणि शिपाई म्हणूनच परतलेला माणूस एसटीच्या टपावरून ट्रंक उतरवत असतो, तेवढ्यात पारावरून हाक येते, "आलं का मेजर!" बँकेत, तलाठ्याकडे, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नपत्रिकेवर तो मेजरच. यात कुणाला खोटे बोलायचे नसते. ही बोलण्याची रीत आहे. कंपाउंडरला डॉक्टर म्हणावे, हवालदाराला फौजदार म्हणावे, तशी. एक पायरी चढवून हाक मारली की ऐकणारा सुखावतो आणि बोलणाऱ्याचे काही जात नाही.

ते सुखावत नसत. दर वेळी, प्रत्येकाला, थांबून सांगत, "नाईक. दोन फिती." कुंडलला एका लग्नात सूत्रसंचालकाने "आदरणीय मेजरसाहेबांचं मांडवात आगमन झालेलं आहे" असे पुकारून त्यांना फेटा बांधायला स्टेजवर बोलावले. ते गेले. आधी माइक मागून घेतला आणि म्हणाले, "नाईक हाय मी. मेजर म्हंजे आफिसर. त्येच्या जीपचं दार उघडायला हुतो मी." मांडव हसला. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. व्याह्यांना त्याने आपल्याकडून एक मेजर येणार असल्याचे सांगून ठेवले होते.

"आवं, मान दिला तुमाला," तो नंतर पंगतीत वाढता वाढता म्हणाला.

"जेवढा हाय तेवढाच द्या. जास्तीचा दिला तर परत करायला लागतो. आन् परत करताना लय हाल हुत्यात."

मी त्यांच्या शेजारच्या पाटावर जेवत होतो. वाक्य चांगले वाटले म्हणून हात धुतल्यावर डायरीत टिपून घेतले. त्याचा तेवढाच उपयोग केला.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तो बातमीसाठी. साताऱ्याहून येऊन सांगलीच्या एका दैनिकात नुकताच लागलो होतो. नोकरी कच्ची होती. कुणीतरी सांगितले की कवठे महांकाळच्या बाजूला एक निवृत्त फौजी बेदाण्याच्या शेडमध्ये लोकांना जपानी तलवार शिकवतो. गेलो. बेदाण्याची प्रतवारी करायचा पत्र्याचा लांबट हॉल होता. मालक सांगलीचे जैन व्यापारी. हंगामात तिथे बायका ओळीने बसून बेदाणा निवडत. हंगाम सरला की हॉल रिकामा. गंधकाच्या धुरीचा वास फरशीत मुरलेला. त्या वासात वीस-बावीस जण गुडघे मोडून बसले होते. शाळकरी मुली होत्या, कॉलेजची मुले होती, पन्नाशीचा एक पोस्टमन होता, व्यापाऱ्याची स्वतःची मुलगी होती. कुणीच काही करत नव्हते.

"कधी सुरू होणार?" मी विचारले.

"सुरू हाय. चपला भाईर काढ आन् बस." मग म्हणाले, "पेपरात कोण हायस तू?"

"वार्ताहर. म्हणजे अजून प्रोबेशनवर आहे."

"मग तसंच सांगत जा."

साताऱ्यात माझी आई त्याच महिन्यापासून शेजाऱ्यांना मुलगा संपादक झाल्याचे सांगत होती. मी तिला अडवले नव्हते.

त्या दिवशी बातमी मिळाली नाही. मी दीड वर्ष तिथे बसलो.

तलवार त्यांना कुठे मिळाली, असे विचारले की ते दोन माणसांबद्दल सांगत आणि सांगताना कानाच्या पाळीला हात लावत. निवृत्तीनंतर पुण्याजवळच्या एका कोरियन कारखान्याच्या गेस्ट हाउसवर ते वॉचमन होते. तिथे उतरलेला एक पन्नाशीचा कोरियन इंजिनिअर रोज सकाळी हिरवळीवर लाकडी तलवार फिरवायचा. दोन महिने यांनी गेटवरून नुसते पाहिले. मग केबिनच्या मागे जाऊन ड्यूटीच्या काठीने तेच पाय टाकू लागले. एक दिवस वळून बघतात तर इंजिनिअर मागे उभा.

"म्हटलं, नोकरी गेली. त्यो जवळ आला, माझा डावा पाय आपल्या बुटानं दोन बोटं आत सरकवला आन् निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला. तितनं फुडं सहा वर्सं."

पुढे शेजारच्या गेस्ट हाउसवर एक म्हातारा जपानी तपासनीस राहायला आला. बसल्या जागेवरून तलवार उपसण्याची जपानी पद्धत ते त्याच्याकडून शिकले, चार वर्षे. दोन्ही गुरू एकमेकांशी कधी बोलले नाहीत. दोघांनाही या देशात हा एकच शिष्य. जाताना दोघांनी आपापली लाकडी तलवार याला दिली. कागद कुणीच दिला नाही. यांनी मागितलाही नाही.

"दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हंत्यात," ते सांगत. "मी दोन्हीकडं पोटभर जेवलो. पर एका घरचं दुसऱ्या घरी न्हेलं न्हाई."

हे ते अक्षरशः पाळत. मंगळवार-बुधवार कोरियन, शुक्रवार-शनिवार जपानी. कोरियन दिवशी लांब पावले, वळणे, चहूबाजूंनी माणसे चालून आल्यासारखे फिरणे. जपानी दिवशी बसणे, उठणे, एक घाव, पुन्हा बसणे. शुक्रवारी कुणाचा पाय कोरियन पडला तर ते म्हणत, "घर चुकलं तुझं." पोस्टमनचे घर फार वेळा चुकायचे आणि त्यावर सगळे हसायचे, कारण गावात त्याचे एकही घर चुकत नसे.

आकडेही त्या त्या घरचे. कोरियन दिवशी हाना, दूल, सेत, नेत. वर्ग सुरू केला त्या आठवड्यात त्यांनी मोठ्याने "हाना!" म्हणताच दोन पोरांनी शेजारच्यांना खरेच हाणले होते. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला आधी बजावत, "हाना म्हंजे एक. हाणायचं मी सांगीन तवा." दीड वर्षात त्यांनी एकदाही सांगितले नाही.

लाकडी तलवारी गावच्या सुताराने बाभळीच्या केल्या होत्या. आयुष्यभर कुळव आणि खोऱ्याचे दांडे केलेला माणूस. नमुना उलटसुलट करून बघत म्हणाला, "वाकडं कशाला करायचं, नाईक? सरळ लाकूड दितो की." म्याने द्राक्षबागेच्या पीव्हीसी पाइपची, पाइप तापवून दोन फळ्यांत दाबायचा, चपटा झाला की म्यान तयार. काहींवर कंपनीचा शिक्का आणि मिलिमीटरचा आकडा तसाच राहिलेला असे.

एकदा पोस्टमन सायकलवरून उसाची मोळी घेऊन आला. मोबाइलवर त्याने पाहिले होते की जपानात गवताच्या गुंडाळ्या तलवारीने कापून सराव करतात. आपल्याकडे ऊस आहेच.

"सर, एक घाव तरी!"

त्यांनी मोळी पाहिली. "उसाला कोयता हाय. त्यो बायकांच्या हातात हाय, पोर पाठीला बांधून चालवत्यात. त्येंच्यापुढं तू काय कापणार गड्या?" मग ऊस मोडून सगळ्यांना खायला दिला आणि चिपाडे पोस्टमनकडून गोळा करून घेतली.

हंगामाच्या सुरुवातीला बेदाणा निवडायला आलेल्या बायका काही दिवस आमचा वर्ग बघत. त्यातली एक रोज म्हणायची, "बया, किती हळू! मारा की एकदाचं!" ते तिला वाकून नमस्कार करत. ते सगळ्यांनाच वाकून नमस्कार करत. हॉलच्या दाराला, म्यानाला, एसटीत चढताना कंडक्टरला. कंडक्टर ओळखीचा झाला होता. तोही उठून वाकायचा आणि मागची गर्दी दोघांना शिव्या द्यायची.

आता म्यान करण्याबद्दल. जपानी पद्धतीत घाव घालून झाला की तलवार परत म्यानात जाते, आणि ती जाताना म्यानाकडे बघायचे नसते. नजर समोर पडलेल्या, म्हणजे पडला आहे असे धरलेल्या, माणसावर. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट म्यानाच्या तोंडाशी. त्या बेचक्यातून पात्याची पाठ सरकत येते, टोक हाताला कळते, मग आत. सावकाश. घाई केली तर खऱ्या तलवारीने अंगठा जातो. आमच्या तासाचा अर्धा वेळ यातच जाई. लोक कंटाळून सोडून जात ते इथेच.

"काढायला समद्यास्नी येतं," ते म्हणत. "रागाच्या भरात पोरगं बी काढतंय. काढलेलं परत ठेवायचं, समोरच्याकडं बघत. त्येला येळ लागतो."

माझी नजर खाली जायची. दर वेळी. ते माझ्यासमोर येऊन बसत आणि म्हणत, "माझ्याकडं बघ." मी बघायचो, आणि तलवारीचे टोक म्यानाच्या बाहेर मांडीवर पडायचे.

वर्ष उलटल्यावर मी त्यांच्यावर लेख लिहिला. रविवार पुरवणीत अर्धे पान रिकामे होते. लेख वाचून पुरवणीच्या संपादकांनी विचारले, "हे सगळं ठीक. पण हा माणूस आहे कोण? ब्लॅक बेल्ट वगैरे आहे का? चौकट करायला काहीतरी पाहिजे."

ते काहीच नव्हते, हे मला माहीत होते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते जी तीन वाक्ये सांगत, त्यातले एक होते, "माझ्याकडं कागद न्हाई." कोरियन इंजिनिअर मात्र चौथ्या पदवीचा होता, फोर्थ डॅन, तेही त्यांनीच एकदा सांगितले होते. मी चौकटीत लिहिले: "कोरियन तलवारबाजीत फोर्थ डॅन." गुरूचा हुद्दा शिष्याला लावला. अनवधानाने नाही. टाइप केले, वाचले आणि पुढे पाठवले. मनात काय होते, ते आठवते. त्यांची किंमत वाढवतो आहे असे वाटले होते. मेजर म्हणण्यासारखेच ते होते, फक्त हे छापले गेले. वर ठळक अक्षरात माझे नाव होते, पहिल्यांदाच.

मंगळवारपर्यंत ते थांबले नाहीत. सोमवारी एसटीने सांगलीला आले. कार्यालयाच्या बाकावर पुरवणीची घडी मांडीवर ठेवून बसले होते. चौकटीतल्या त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"हे माझं न्हाई. ज्याचं हाय त्येला दे."

"सर, राहू द्या. कोण बघतंय? उलट चांगलंच होईल."

"दुरुस्ती छापत्यात न्हवं तुमच्यात?"

"छापतात."

"मग छाप."

मी छापतो म्हणालो. त्यांनी खिशातून दुसरा कागद काढला. सांगलीजवळची एक निवासी शाळा येत्या जूनपासून त्यांना शिकवायला बोलावत होती. पगार, राहायला खोली. शाळेने लेख वाचून अभिनंदनाचा फोन केला होता. त्यावर त्यांनी लगेच पत्र लिहून दिले होते, त्याची ही प्रत. मजकूर तीन ओळींचा: पेपरात छापलेली पदवी माझी नाही. माझ्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नाही. तरी हवा असलो तर येईन.

"तुझ्यापाशी ठेव. दुरुस्तीला लागलं तर," ते म्हणाले आणि बाकाला नमस्कार करून गेले.

दुरुस्ती छापायची तर आधी संपादकांना लेखी खुलासा द्यावा लागतो. तो नोंदला जातो. मला कायम करायचे की नाही, हे तीन महिन्यांनी ठरायचे होते. पुढचे चार मंगळवार त्यांनी विचारले, "आली का रं?" मी म्हणालो, "या आठवड्यात." पाचव्या मंगळवारी त्यांनी विचारले नाही. नंतर कधीच विचारले नाही. शिकवणे तसेच होते. समोर येऊन बसणे, "माझ्याकडं बघ" म्हणणे.

मग साताऱ्याच्या एका क्लासचालकाचे पत्र कार्यालयात आले. त्याच्या भाषेत राग नव्हता. चौथी पदवी मिळायला आयुष्य जाते, ती कोणत्या संस्थेने कधी दिली ते कळवावे, असे त्याने लिहिले होते. त्याचा प्रश्न योग्य होता. तेच पत्र आणखी दोन दैनिकांनाही गेले होते. संपादकांनी मला बोलावले. आपल्या लेखाबद्दल दुसऱ्याने छापण्याआधी आपणच छापू, असे ठरले. "त्यांनी तुम्हाला फोर्थ डॅन सांगितलं होतं ना?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली. ती होकारार्थी होती.

नियमाप्रमाणे मी प्रतिक्रियेसाठी फोन केला.

"सर, तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे का?"

ते म्हणाले, "तू इचारतुयास का पेपर इचारतोय?"

"पेपर विचारतोय."

"लिव्ह मग. कागद न्हाई. कवाच नव्हता." मग म्हणाले, "अजून काय इचारायचं ऱ्हायलंय का?"

"नाही."

"बघ बरं."

मी फोन ठेवला. बातमी दोनशे शब्दांची झाली. मथळा होता: "प्रमाणपत्राविनाच तलवारीचे धडे". त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. एक वाक्य असे: "याबाबत विचारणा केली असता संबंधित प्रशिक्षकाने आपल्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नसल्याचे मान्य केले." जी गोष्ट तो माणूस दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला आपण होऊन सांगत असे, ती त्याने मान्य केली, असे मी लिहिले. शाळेला दिलेल्या पत्राची प्रत तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होती. तिचा उल्लेख केला नाही. बातमीवर माझे नाव नव्हते. "प्रतिनिधीकडून" असे होते. आमच्या व्यवसायात कौतुक नावाने छापतात आणि आरोप प्रतिनिधीकडून.

बातमी शुक्रवारी आली. शनिवारी मी गेलो. न जाणे जास्त दिसले असते.

हॉलमध्ये पालक आले होते. सात-आठ पुरुष, दोन बायका. हॉलचे मालकही होते. ते दाराशी उभे होते आणि अस्वस्थ होते. विद्यार्थी भिंतीला लागून आपापल्या तलवारी घेऊन बसलेले. एका मुलीचा बाप, ट्रॅक्टर भाड्याने चालवणारा, पुढे होता. हातात दोन्ही अंक, पुरवणी आणि कालचा.

"मेजर, ह्यातलं खरं कुठलं?"

"नाईक," ते म्हणाले. "दुसरं खरं हाय. कागद न्हाई माझ्याकडं."

"त्ये तुमी पयल्या दिशीच सांगितलं हुतं. माझ्या पोरीलाबी ठावं हाय. पर मग हितं फोर्थ डॅन कुणी लिवलं?" त्याने चौकटीवर बोट ठेवले. मग पुरवणीवरचे नाव वाचले आणि हॉलभर नजर फिरवली. मी पोस्टमनच्या शेजारी उभा होतो. "तुमीच न्हवं का ह्ये? आवं पत्रकार, तुमाला कुणी सांगितलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ते बघत नव्हते. नाईक समोर, फरशीकडे बघत होते, जिथे एरवी तो धरलेला माणूस पडलेला असे.

मी म्हणालो, "आम्ही माहिती घेऊनच लिहितो."

हे वाक्य आम्ही पत्रकार रोज कुठे ना कुठे वापरतो. त्यात कुणाचे नाव येत नाही. पण त्या हॉलमध्ये माहिती देणारा दुसरा माणूस नव्हता.

ट्रॅक्टरवाल्याने अंकाची घडी घातली. तो त्यांना म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग कमी होता, "आमाला एक आन् पेपरवाल्याला एक, आसं व्हय? कागद नसता तर चाललं असतं हो. आमाला कुठं असला कागद कळतोय. तुमी खोटं बोलत न्हाई म्हणून पोरगी धाडली हुती."

मी जी पत्रकारिता शिकलो तिच्यात प्रत्येक आरोपाला उत्तर द्यायची संधी देतात. त्यांना ती होती. एक वाक्य पुरले असते. शाळेच्या पत्राची प्रत आण, एवढेच. ते वाक्य त्यांनी उच्चारले नाही. ते माझ्याकडे वळले, माझ्या डोळ्यांत बघितले, तासाला बघत तेवढाच वेळ, आणि माझी नजर खाली गेली. मग ते पालकांना म्हणाले, "माझ्या नावानं छापून आलं. ज्या दिशी आलं त्याच दिशी मी घरोघर जाऊन सांगाया पायजे हुतं. त्ये केलं न्हाई. चूक माझी."

मुलीने तलवार म्यानात घातली, खाली न बघता, आणि म्यानासकट ती त्यांच्या पायाशी ठेवून बापाबरोबर गेली. मग बाकीचे. शेवटी पोस्टमन. त्याने जाताना मला विचारले, "काय रं, खरंच त्येंनी सांगितलं?" मी म्हणालो, "जाऊ दे ना आता." तो गेला. मालकांनी हात जोडले. हंगाम जवळ आलाय, हॉल लागेल, म्हणाले. हंगामाला चार महिने होते. नाईकांनी हॉलच्या दाराला वाकून नमस्कार केला, तलवारींची मोळी बांधली आणि सायकलला लावली. मी मदत करायला पुढे झालो.

"तुझी तेवढी तू घेऊन जा," ते म्हणाले.

निवासी शाळेने पुढे काही कळवले नाही. मी त्या महिन्याच्या शेवटी कायम झालो.

याला बरीच वर्षे झाली. आता मी त्याच दैनिकात मुख्य उपसंपादक आहे. आईच्या मते संपादक. गेल्या वर्षी, नवरात्राच्या आधी, मी ती दुरुस्ती लिहिली. चार ओळी. संपादकांकडे नेली. हे संपादक नवे, माझ्याहून तरुण. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांनी छापली तर लोक विचारतील, मधली वर्षं काय करत होतात?" तो प्रश्न लोकांचा होता की त्यांचा, ते मी विचारले नाही. कागद घेऊन मी खंडेनवमीच्या दिवशी कवठे महांकाळच्या बाजूला गेलो.

ते भावाच्या द्राक्षबागेत राहतात. अंगणात चटईवर हत्यारांची पूजा मांडलेली होती. खोरे, विळा, कोयता, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, आणि मध्ये दोन लाकडी तलवारी. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचे एकेक फूल. त्या दिवशी शस्त्राला विश्रांती असते. वापरायचे नाही, जागचे हलवायचे नाही. ते ओसरीवर बसले होते. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. उठून वाकले. मीही वाकलो.

"सर, दुरुस्ती आणलीय."

चष्मा लावून त्यांनी कागद वाचला. दोनदा. मग म्हणाले, "छापून येनार हाय का ही?"

"नाही, सर. नाही म्हणाले."

"मग मला कशाला दावतुयास?"

नंतर गाडीत उत्तर आठवले. मला वाचून दाखवायचे होते, एवढेच.

"आन् हितं चुकलंय," ते म्हणाले. "ह्यो हवालदार कोण?"

मी कागद घेऊन पाहिला. पहिल्याच ओळीत होते: "निवृत्त हवालदार". मी लिहिले होते. तीन वेळा वाचले होते, संपादकांना दिले होते, खिशात घालून पन्नास किलोमीटर आणले होते. दुरुस्तीतही त्यांना एक फीत चढवली होती. कशी, ते मला सांगता येत नाही. हात त्या सवयीने चालतो.

त्यांनी माझ्या खिशातले पेन काढून घेतले, "हवालदार" शब्दावर रेघ मारली, वर लिहिले "नाईक" आणि कागद परत दिला.

तेवढ्यात बांधावरून शेजारी मोटरसायकलवर चालला होता, तो थांबला. "काय मेजर! पाव्हणं कोण?"

"नाईक," ते म्हणाले. मग म्हणाले, "पेपरात असतो. दीड वरीस शिकत हुता माझ्याकडं. काढायपातुर आलं त्येला. म्यान करायचं ऱ्हायलं."

"मग शिकवा की त्येवढं!" शेजारी हसला.

"आज खंडेनवमी हाय. आज हात लावायचा न्हाई." ते चटईवरच्या तलवारींकडे बघत होते. "उद्या येतो म्हणला तर शिकवीन."

शेजारी माझ्याकडे बघत होता. ते बघत नव्हते. मी घड्याळ पाहिले आणि निघायला हवे असे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. कार्यालयाला सुट्टी होती. मी सांगलीत घरीच होतो.